काटा खोटं बोलतो तेव्हा

मुलांनो, गेल्या वेळी आपण सायकलच्या डायनामोची गंमत पाहिली. त्यावर पत्रं पुष्कळ आली, आणि निम्म्या पत्रांत एकच मागणी : "गुरुजी, आता मोठ्या गाडीतलं काहीतरी सांगा." मोठ्या गाडीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. डी.एड.ला आम्हांला पाठाचं टाचण कसं काढायचं, फळा कसा लिहायचा हे शिकवलं. इंजिन काही कुणी उघडून दाखवलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या भाजे गावात एक प्रकरण घडलं आणि त्यात मला, माझ्या चौथीच्या वर्गाला आणि कामशेतच्या एका फिटरला मिळून गाडीतल्या एका छोट्याशा काट्याच्या मागे लागावं लागलं. तीच गोष्ट आज सांगतो.

भाजे म्हणजे लेण्यांचं भाजे. मळवली स्टेशनवर उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा की आलं गाव. डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची बावीस लेणी, मागे विसापूर आणि लोहगड. पावसाळ्यात धबधब्याला ही गर्दी! तर या गावात माझे मामा राहतात. त्यांची एक जुनी पिकअप आहे. जुनी म्हणजे किती? तिचा मूळ रंग पांढरा होता असं मामा म्हणतात आणि आम्ही मान डोलावतो. भाताची पोती, सिमेंट, लग्नातली भांडी, काय वाटेल ते ती वाहते. आठवड्यातून तीनदा पहाटे चार वाजता जवळच्या एका पॉलीहाऊसमधले गुलाबाचे बॉक्स घेऊन ती पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते.

गाडी चालवतो एक तरुण. नाव सांगत नाही, गावातलाच आहे. आपण त्याला ड्रायव्हरदादा म्हणू. बारा वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गात होता. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण पाढे तोंडपाठ.

एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला त्याची आई व्हरांड्यात येऊन उभी राहिली. म्हटलं, "काय ताई?" तर त्या माउलीच्या डोळ्यांना धार. "गुरुजी, तुमच्या मामानं माझ्या लेकाला चोर ठरवला. डिझेल काढून विकतो म्हणतात. तुम्ही शिकवलंय त्याला, तुम्हीच सांगा."

मी तसाच मामांकडे गेलो. मामा ओट्यावर बसलेले. त्यांचं म्हणणं असं होतं. मामा रोज रात्री झोपण्यापूर्वी गाडीत बसून किल्ली फिरवतात आणि डिझेलचा काटा बघतात. सोमवारी रात्री काटा बरोबर अर्ध्यावर होता. मंगळवारी पहाटे मामा स्वतः पुण्याला निघाले, ड्रायव्हरदादाच्या शेजारी बसले. गाडी मळवलीच्या फाटकापर्यंतसुद्धा गेली नव्हती आणि काटा पावाच्या खाली! मग त्यांनी आणखी दोनदा पाळत ठेवली. दोन्हीदा तेच.

"आरं, रात्री अर्धी टाकी व्हती, पहाटं पाव? साठ लिटरची टाकी हाय. पंधरा लिटर डिझेल काय वाऱ्यानं उडालं? टाकीची किल्ली त्याच्याकडं, गाडीची किल्ली त्याच्याकडं. मग दुसरं कोन?"

मला काही उत्तर सुचेना. हिशेब तर बरोबर होता. मी विचारलं, "मामा, किती किलोमीटर गाडी चालली, किती डिझेल भरलं, याची वही आहे का?" मामा म्हणाले, "वही कशाला? काटा हाय की."

ड्रायव्हरदादाला मी बोलावून घेतलं. तो काहीच बोलला नाही. एवढंच म्हणाला, "गुरुजी, मी नाही घेतलं," आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर येणं बंद केलं.

आता मला सांगा, खेड्यात अशी गोष्ट झाकून राहते का? दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबुज सुरूच होती. मी कुणाचं नाव न घेता हकिगत सांगितली आणि विचारलं, "तुम्हांला काय वाटतं?" चोर कोण असेल यावर पोरांची कल्पनाशक्ती भलतीच धावली. एकानं तर लेण्यांतली भुतं आणली. (लेण्यांतल्या एका भिंतीवर रथात बसलेला सूर्य कोरला आहे असं मानतात. त्यावर एकजण म्हणाला, "गुरुजी, त्याच्या रथाला डिझेल लागलं असेल!" हशा पिकला.) तेवढ्यात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, पण काटा बरोबर आहे हे कुणी बघितलं?"

खरं सांगतो, मी गप्पच झालो. मामांनी ड्रायव्हरवर पाळत ठेवली होती, मी त्याची उलटतपासणी केली होती, पण काट्याची साक्ष कुणी तपासलीच नव्हती.

त्या प्रश्नानं मला एक जुनी हकिगत आठवली. ती वर्गाला सांगितली, तुम्हांलाही सांगतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान कॅनडात मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. नवंकोरं विमान, पण त्याचे इंधनाचे काटे बंद पडलेले. इंधन मोजणाऱ्या यंत्रात एका ठिकाणी डाग देताना जोड नीट बसला नव्हता, एवढंच कारण. मग इंधन मोजपट्टीनं मोजायचं ठरलं. टाक्यांत निघालं ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे तर विमानाच्या इंधनाचं एक लिटर भरतं साधारण ०.८ किलो. पण त्या काळात कॅनडा पौंडावरून किलोवर येत होता आणि नेहमीच्या सवयीनं गुणाकार केला गेला १.७७ नं. हा आकडा पौंडाचा! झालं. १३,५९७ 'किलो' आहे असं समजून आणखी ४,९१७ लिटरच भरलं. खरं तर किती भरायला हवं होतं, हे पाचवीच्या पुढच्या मुलांनी वहीत करून बघा. डोळे पांढरे होतील.

निम्म्या वाटेत, ४१ हजार फुटांवर इंधन संपलं. दोन्ही इंजिनं बंद. पण कॅप्टन बॉब पिअर्सन यांना बिनइंजिनाची ग्लायडर विमानं उडवायचा सराव होता. त्यांनी ते अवाढव्य विमान घारीसारखं तरंगत तरंगत गिमली नावाच्या गावी, हवाई दलाच्या एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या! विमानातले ६९च्या ६९ जण वाचले, खालचंही कुणी दगावलं नाही. विमान दुरुस्त झालं आणि २००८ सालापर्यंत उडत राहिलं.

वर्ग इतका शांत बसलेला मी क्वचितच पाहिला आहे. नंतर एकानं विचारलं, "पण गुरुजी, टाकीत किती आहे हे काट्याला कळतं कसं?"

हा खरा प्रश्न. तुमच्या गावात पाण्याची उंच टाकी असेल, तिच्याकडे नीट बघा. काही टाक्यांच्या बाहेर आकडे लिहिलेली उभी पट्टी असते आणि त्यावरून एक वजन खाली-वर होतं. आत पाण्यावर एक तरंगणारा डबा असतो, त्याला दोरी, दोरी कप्पीवरून बाहेर, बाहेरच्या टोकाला ते वजन. पाणी वर चढलं की डबा वर येतो आणि बाहेरचं वजन खाली जातं. म्हणून त्या पट्टीवरचे आकडे उलटे लिहिलेले असतात. आमच्या वर्गातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि रोज तिथूनच पाणी भरतात!

गाडीत टाकी मागे आणि काटा पुढे. दोरी कुठून कुठून नेणार? म्हणून तिथे दोरीचं काम वीज करते. टाकीच्या आत एक तरंगणारा गोळा असतो, त्याला म्हणतात फ्लोट. फ्लोटला एक दांडी. डिझेल कमी-जास्त झालं की दांडी खाली-वर होते आणि तिचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या पट्टीवरून घासत सरकतं. त्या तारेतून वीज जाताना अडते. वरच्या वर्गातली मुलं याला 'रोध' म्हणतात. मामांच्या गाडीत असं आहे की टाकी भरलेली असली तर वीज तारेतून थोडंच अंतर जाते, म्हणजे अडथळा कमी. मग काट्यातून वीज जास्त वाहते आणि काटा 'एफ'कडे चढतो. टाकी रिकामी, तर अंतर लांब, अडथळा जास्त, वीज कमी, काटा 'ई'कडे. (काही गाड्यांत याच्या बरोबर उलटं असतं. तेव्हा हे वाचून कुणी बाबांच्या गाडीचं निदान करू नका!)

वर्गात आम्ही याचं खेळणं केलं. शिसपेन्सिल, शक्यतो चार बी किंवा सहा बी अशी गडद, उभी चिरून आतलं शिसं उघडं केलं. ते चिरायचं काम मी केलं, तुम्हीही मोठ्यांकडून करून घ्या. टॉर्चचे तीन सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन वायरी घेतल्या. एक वायर शिशाच्या एका टोकाला बांधली, दुसरी शिशावरून सरकवायची. वायरी जवळ आणल्या की बल्ब उजळतो, लांब नेल्या की मिणमिणतो. बल्बच्या जागी काटा आहे असं समजा, झालं तुमचं यंत्र. त्या दिवशी मधली सुट्टी झाली तरी कुणी डबे उघडले नाहीत.

पण मामांना शिसपेन्सिल दाखवून काय उपयोग? त्यांना डिझेल दाखवायला हवं. मग मी एक युक्ती काढली. मामांना म्हटलं, "आज संध्याकाळी हमरस्त्यावरच्या पंपावर जाऊ आणि टाकी गळ्यापर्यंत भरू. रात्री दोन्ही किल्ल्या तुमच्या उशाखाली. पहाटे पुन्हा पंपावर जाऊ." मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आले. आम्ही टाकी भरली, डिझेलवरचा फेस बसू दिला, पुन्हा काठोकाठ भरली. काटा 'एफ'च्या एक रेघ खाली थांबला. मामा किल्ल्या उशाखाली घेऊन झोपले. मला वाटतं, झोपले नसावेतच.

पहाटे चारला मी गेलो. पाऊस रपारप. गाडी मामांचा धाकटा मुलगा चालवत होता. त्यानं गाडी सुरू केली, दिवे लावले, आम्ही काट्याकडे बघितलं. काटा हळूहळू उतरत पाऊण टाकीवर येऊन थांबला.

मामा पुटपुटले, "बघ. पुन्हा पंधरा लिटर." आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की किल्ल्या त्यांच्याच कनवटीला होत्या आणि रात्रभर गाडी त्यांच्याच दारात. त्यानंतर पंपापर्यंत कुणी बोललं नाही. फक्त वायपरचा आवाज.

पंपावरच्या पोरानं नळी घातली. एक लिटरच्या जरासं पुढे मीटर गेला आणि टाकी ओसंडायला आली. संध्याकाळी पंपावरून घरी आणि पहाटे घरून पंपावर, मिळून दहा-अकरा किलोमीटर. ही गाडी लिटरला जवळपास तेवढीच जाते. म्हणजे ते एक लिटर गाडीनंच पिलेलं. बाकीचे 'चोरीला गेलेले' लिटर टाकीत जसेच्या तसे होते.

मामांनी टाकीचं झाकण लावलं, कुलूप फिरवलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले, पावसात. मीही काही बोललो नाही.

त्याच सकाळी आम्ही कामशेतच्या फिटरकडे गेलो. हा माणूस बोलायला कमी, पण काम बघत राहावं असं. त्यानं आधी पाना हातात घेतलाच नाही. नुसते प्रश्न विचारले. काटा कधी पडतो? दिवसा की रात्री? खड्ड्यात उडी मारतो का? मामा म्हणाले, "पहाटंच पडतो, रात्री बरा असतो." फिटर म्हणाला, "रात्री बघता तेव्हा दिवे लावता?" मामा म्हणाले, "उभ्या गाडीत दिवे कशाला लावू? बॅटरी उतरंल."

फिटर हसला. आत बसून त्यानं किल्ली फिरवली. काटा एफच्या एक रेघ खाली. दिवे लावले, काटा उतरला. दिवे बंद, काटा चढला. मग दिवे लावून ब्रेकवर पाय ठेवून बसला, तर काटा पाऊण टाकीच्याही खाली गेला! मला म्हणाला, "मागं जाऊन लाल दिवे बघा, गुरुजी." बघतो तर मागचे दोन्ही दिवे देवघरातल्या निरांजनासारखे मिणमिणते. चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचे मागचे दिवे कधी दिसतच नाहीत, त्यामुळे ते किती दिवस तसे होते कोण जाणे. पावसाळ्यातल्या धुक्यात, त्या रस्त्यावर! मला काट्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

आता यातली मेख ऐका. गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर असते, पण परत यायला वेगळी वायर नसते. वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, म्हणजे चासीतून, बॅटरीकडे परतते. जिथे वायर सांगाड्याला बोल्टनं घट्ट आवळलेली असते त्या जागेला फिटर लोक 'अर्थिंग' म्हणतात. मामांच्या गाडीत टाकीतल्या फ्लोटचं आणि मागच्या दिव्यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर होतं. आणि तो बोल्ट? आमच्याकडचा पाऊस, भातखाचरांचा चिखल आणि इतकी वर्षं! नुसता गंजाचा गोळा झालेला.

गंज म्हणजे आणखी एक अडथळा. शाळा सुटल्यावर एका वर्गाची मुलं अरुंद दारातून कशीबशी बाहेर पडतात. त्याच वेळी त्याच दारातून दुसरा मोठा वर्ग सोडला तर? दोन्ही वर्ग अडकतात. काट्याची वीज म्हणजे पहिला वर्ग, मागच्या दिव्यांची म्हणजे दुसरा. दिवे लावले की गंजलेल्या दाराशी दाटी, काट्यातून वीज कमी, आणि काट्याला वाटतं की टाकीच रिकामी झाली. ब्रेकचे दिवे पेटले की दाटी आणखी वाढते. मामा काटा बघायचे ते रात्री, दिवे न लावता. ड्रायव्हरदादा निघायचा पहाटे, दिवे लावून. दोघांनी बघितलं ते खरंच होतं, पण मधल्या वेळात चोरी कुठली झालेली नव्हती.

फिटरनं तरीही एकदम बोल्टला हात घातला नाही. "आधी काटा आणि वायर चांगली आहे ना ते बघू," म्हणाला. टाकीजवळची फ्लोटची वायर काढून बाजूला धरली, काटा 'ई'वर पडला. तीच वायर क्षणभर चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावली, काटा 'एफ'कडे धावला. म्हणजे काटा ठीक, पुढपर्यंतची वायर ठीक. मग वायर पुन्हा जागेवर जोडून फ्लोटच्या वरच्या पत्र्यापासून चासीपर्यंत एक तात्पुरती वायर धरली, तर दिवे लावूनही काटा जागचा हलेना. आता खात्री झाली. बोल्ट काढला, काचपेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, वायरीला नवं टोक बसवलं, आवळलं आणि वरून ग्रीस फासलं. पाऊण तासाचं काम. मागचे दिवे असे पेटले की मामा दचकले.

(हे काम घरी कुणी करायचं नाही. टाकीजवळ ठिणगी म्हणजे खेळ नव्हे, आणि पेट्रोलच्या गाडीजवळ तर मुळीच नाही. फिटरसुद्धा आधी टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते बघत होता.)

चहा पिता पिता फिटरनं काट्याच्या आणखी लबाड्या सांगितल्या. फ्लोटला भोक पडलं की तो डिझेल पिऊन बुडतो, मग टाकी भरलेली असली तरी काटा 'ई'वर. वायर कुठे सोलवटून चासीला चिकटली तर टाकी कोरडी पडली तरी काटा 'एफ'वर, आणि हे सगळ्यांत वाईट. कारण डिझेल गाडीत डिझेल पूर्ण संपलं की पाइपांत हवा शिरते. नंतर नुसतं डिझेल ओतून गाडी सुरू होत नाही, आधी पंप मारून हवा काढत बसावं लागतं. लोहगडाच्या चढावर गाडी तिरकी झाली की काटा थोडा हलतो, ती मात्र लबाडी नाही. टाकीतलं डिझेलच एका बाजूला जातं.

परत येताना मामांनी गाडी ड्रायव्हरदादाच्या घरासमोर थांबवायला सांगितली. मी आत गेलो नाही, गाडीतच बसलो. मामा दारात उभे राहून काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्याची आई बाहेर आली आणि मामांना आत घेऊन गेली, चहाही झाला. पण त्या दिवशी तो कामावर यायला तयार झाला नाही. तळेगावला कुणाच्या टेम्पोवर जायला लागला होता.

महिन्याभरानं, गणपतीच्या आधी, तो परत आला. आल्या आल्या म्हणाला, "मामा, गाडी चालवीन. पण टाकीची किल्ली तुमच्याकडंच ठेवा."

आता गाडीत एक वही असते. किती किलोमीटर, किती लिटर, तारीख, खाली दोघांच्या सह्या. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे. गाडी शाळेवरून गेली की माझा चौथीचा वर्ग खिडकीला लटकून मागचे दिवे बघतो आणि काही कमी-जास्त दिसलं तर ओरडून सांगतो. किल्ली मात्र मामांकडेच आहे. मामांनी दोनदा ती त्याच्या हातात ठेवून पाहिली, त्यानं घेतली नाही. डिझेल भरायचं असलं की तो दारात येऊन हॉर्न वाजवतो, आणि मामा किल्ली घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसतात.